दोन मिलिमीटर माया

"म्हणजे डावी बाजू भिंतीकडे?" डाव्यांनी विचारलं.

"हो काका." दालनाच्या बाई हातातली टेप गुंडाळत होत्या. "लोक या बाजूने चालणार. दीड मीटर रस्ता मोकळा सोडावाच लागतो, नियम आहे तसा. मग गाडी सरकणार कुठे? भिंतीकडेच ना?"

"आणि डावी बाजू बघायची कुणी?"

"काका, गाडीच्या दोन्ही बाजू सारख्याच असतात," बाई समजुतीच्या सुरात म्हणाल्या.

गाडीच्या पुढच्या चाकापाशी मांडी घालून बसलेले उजवे एका तड्यात कोमट माती दाबत होते. ते मोठ्यांदा खोकले. हा खोकला खरा नव्हता, हे डाव्यांना एकतीस वर्षांच्या सहवासाने ठाऊक होतं.

"या गाडीच्या नसतात," डावे म्हणाले.

बाईंनी मग पहिल्यांदाच गाडीला वळसा घातला. गाडी म्हणजे तरी काय, पूर्ण मापाचं मातीचं मॉडेल. उजव्या बाजूवर चंदेरी कागद ताणून बसवलेला, त्यामुळे ती रंगवलेल्या पत्र्यासारखी चमकत होती. डावी बाजू नुसती तपकिरी, उघडी.

"मला वाटलं, इकडे कागद लावायचा राहिलाय."

"तोही राहिलाय. पण गाडीच वेगळी आहे ही. नाकापासून शेपटीपर्यंत मधोमध रेघ धरा. तिकडची अर्धी यांची, इकडची अर्धी माझी. दोन नमुने, एकच सांगाडा. माती वाचते, जागा वाचते. साहेब लोक येतात, दोन्हींकडून बघतात आणि एक निवडतात."

"आणि पूर्ण गाडी कशी दिसेल हे कसं कळायचं?"

"मध्ये उभा आरसा लावायचा."

बाईंनी एकदा इकडून पाहिलं, एकदा तिकडून. दार इकडे वेगळ्या ठिकाणी संपत होतं, मागचं चाक इकडे जास्त झाकलेलं होतं. त्यांचा चेहरा उजळला.

"अगं बाई, खरंच की! मग तर भिंतीकडेच बरी, काका. लोकांना वाटायचं, करणाऱ्याची चूक झाली."

डाव्यांनी मान हलवली. वाद न घालण्याची त्यांना एकतीस वर्षांची सवय होती. तिच्या जोरावर ते आणखी एक दिवस सहज काढू शकले असते. पण त्या दिवशी ते एक पाऊल पुढे सरकले आणि आयुष्यात न बोललेली एक गोष्ट बोलले. म्हणजे, सरळ थाप मारली.

"ठीक आहे. पण भिंतीला अगदी चिकटवू नका. माती आहे. भिंतीची ओल लागते तिला, फुगते. वीतभर तरी मोकळं ठेवा."

बाईंनी लगेच वहीत टिपून घेतलं. उजव्यांनी मान खाली घातली आणि तडा बुजवण्यात स्वतःला गाडून घेतलं. या मातीत मेण असतं. भट्टीत गरम केली की ती मऊ होते, गार झाली की दगड. ती ओल्या भिंतीला लावा की विहिरीत बुडवा, तिला ढिम्म काही होत नाही. हे त्या इमारतीत फक्त दोन माणसांना माहीत होतं आणि त्यातला एक खोटं बोलत होता, दुसरा मूग गिळून बसला होता.

त्यांची आडनावं काही डावे-उजवे नव्हती. कामावरच्या पहिल्याच सकाळी जुन्या मिस्तरींनी विचारलं होतं, "तू कोणती बाजू घेणार रे?" नवा माणूस गोंधळला आणि उभा होता तिथल्याच सांगाड्याला हात लावून म्हणाला, "ही." ती डावी निघाली. तेव्हापासून ते डावे झाले. समोर जो आला तो उजवा. पुढे गेटवरच्या पहारेकऱ्याने हजेरीच्या वहीतही 'श्री. डावे' असंच लिहायला सुरुवात केली आणि कुणी ते खोडलं नाही. गंमत अशी, की डावे जेवायला, लिहायला, पातं धरायला, सगळ्यालाच उजव्या हाताचे होते आणि उजवे पक्के डावखुरे.

जमिनीवर गाडीच्या दोन टोकांना पांढरी पट्टी चिकटवलेली असायची. विचारल्याशिवाय ती ओलांडायची नाही, हा त्यांचा आपसातला रिवाज. फक्त चार वाजता, चहा झाल्यावर, दोघे जागा बदलत. डोळे मिटून दुसऱ्याच्या कामावरून तळहात फिरवत. डोळा फसतो, उजेड फसवतो, हात फसत नाही, असं मिस्तरींनी शिकवलेलं. हात कुठे अडला तर म्हणायचं, "लागतंय." नाही अडला तर काही न बोलता आपल्या बाजूला परत यायचं. याहून जास्त कौतुक त्या खोलीत कुणी कुणाचं केलं नाही.

डाव्यांच्या बाजूची गाडी मात्र कधीच निवडली गेली नाही. एकतीस वर्षांत चौदा गाड्या, चौदाही वेळा उजवी बाजू. पहिली दहा-बारा वर्षं डाव्यांना वाटायचं, आपला हातच कमी पडतो. मग एक दिवस त्यांच्या लक्षात आलं, की साहेब लोकांचं दार उजवीकडे आहे. चहाचं टेबलही उजवीकडे. माणसं आत येतात, कप उचलतात आणि जे समोर असेल त्याच्या प्रेमात पडतात. पुढच्या गाडीला त्यांनी मिनतवारी करून सांगाडाच उलटा फिरवून घेतला. नेमकं त्याच आठवड्यात मोठ्या दाराचं रंगकाम काढलं आणि साहेब मागच्या दाराने आले. त्यानंतर डाव्यांनी तो नाद सोडला.

तसं निवडून येऊन उजव्यांच्या पदरात तरी काय पडलं? चौदांपैकी एकही गाडी रस्त्यावर आली नाही. एक होती 'ढब्बू'. चालवणारा मधोमध बसायचा, दोन जण मागे, दारं वर आकाशाकडे उघडायची. सगळे खूश होते. मग मोठ्या साहेबांच्या घरच्या गॅरेजचं छत ठेंगणं निघालं आणि ढब्बू बारगळली. दुसऱ्या एकीला सबंध काचेचं छप्पर होतं. उन्हात चाचणीला तिच्यात पाऊण तास बसलेले दोन इंजिनिअर बाहेर आले ते थेट नळाखाली. कुठे पोलादाचा भाव आडवा आला, कुठे नवे साहेब आले आणि त्यांना जुन्या साहेबांचं काही नको होतं. गाडी रद्द झाली की माती खरवडायची, पिंपात भरायची, भट्टीत मऊ करायची आणि पुढच्या गाडीला लावायची. तीच माती. ढब्बूचं दार काचेच्या गाडीचं नाक झालं आणि ते नाक पुढे आणखी कशाची तरी शेपटी.

हे सगळं डाव्यांच्या बायकोने कधीच पाहिलं नाही. कामावर लागतानाच कागदावर सही घेतलेली. आत फोटो नाही, बाहेर चकार शब्द नाही. ती घरातच पुढच्या खोलीत शिवणकाम करायची. नवऱ्याच्या कामाबद्दल, तो मातीच्या गाड्या करतो यापलीकडे, तिला दोनच गोष्टी ठाऊक होत्या. त्याच्या शर्टाला येणारा गंधकासारखा वास आणि त्याच्या नखांत बसलेला तपकिरी रंग. दर दोन-तीन वर्षांनी ती विचारायची, "ही येणार का हो रस्त्यावर?" ते म्हणायचे, "बहुतेक." मुलगी लहान असताना शाळेत निबंध लिहून आली होती, 'माझे बाबा मातीच्या गाड्या करतात.' बाईंनी शेरा मारला होता, 'छान! वर्गासाठी दोन घेऊन ये.' त्या दिवशी घरात सगळे पोट धरधरून हसले. डावेही हसले, पण रात्रीचं जेवण त्यांना गेलं नाही.

"एकदा तुला दाखवीन," ते म्हणाले होते. लग्नाला तेव्हा दुसरं वर्ष होतं. नवराबायकोत अशी आश्वासनं पुष्कळ दिली जातात आणि बहुतेक विरून जातात. हे एक तेवढं डाव्यांच्या मनात रुतून बसलं होतं.

कागदावरच्या सहीला न जुमानता त्यांनी घरातून कामावर एक गोष्ट मात्र नेली. एक शब्द. बायको झंपर शिवताना शिवणीच्या आत थोडं कापड जास्त सोडायची.

"हे कशाला?" त्यांनी विचारलं होतं.

"माया ठेवलीय. उद्या अंग भरलं तर उसवून सैल करता येतं. आधीच नेमकं कापून टाकलं, तर मग रडत बसायचं."

दुसऱ्या दिवशी डाव्यांनी उजव्यांना सांगितलं, "शेवटचा हात फिरवायच्या आधी दोन मिलिमीटर माया ठेवत जा. साहेबांनी रेघ हलवली तर माती पुन्हा चढवायला नको." शब्द असा काही चिकटला, की वर्षभरात मोठमोठ्या पदव्या घेतलेले डिझायनरही नकाशावर 'माया २ मिमी' असं लिहायला लागले. कंपनीत नवा लागलेला एक जण तर हे यंत्रशास्त्रातलं काही तरी असावं म्हणून दोन दिवस पुस्तकं धुंडाळत होता. तेवढी एक गोष्ट त्यांनी बायकोला सांगितली. तीही जाम हसली आणि मग मशीनवर बसून हातातल्या शिवणीची माया बोटाने चाचपत राहिली.

भिंतीकडे तोंड करून उभी राहणार होती ती गाडी शेवटची. तिला सगळे 'चप्पल' म्हणत, कारण बाजूने ती तशीच दिसायची. बसकी, तिघांची, मागची चाकं अगदी शेपटीशी आणि जवळजवळ झाकलेली, वारा नुसता वरून घसरून जावा अशी. डाव्यांनी आपली बाजू आठ महिने घडवली. शेवटचा हात त्यांनी नाकाकडून सुरू केला होता. पुढचं चाक झालं, दार झालं, दारामागची वळणदार जागा निम्मी झाली. मागच्या चाकावर माया तशीच होती. अजून आठवडा हातात होता.

साहेब आठवडाभर आधीच टपकले.

उजवे हाताचे चपळ, त्यांची बाजू चंदेरी कागदासकट तयार. मोठे साहेब कप घेऊन तिच्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "हीच." मुख्य डिझायनर बिचारा म्हणाला, "सर, ती बाजू बघायची राहिली." साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. "दिसतेय की इथून," ते म्हणाले. तिथून फक्त टप दिसत होता. डावे पातं हातात धरून पलीकडे उभे होते. पातं जिथे थांबलं होतं, तिथे दोन मिलिमीटर मायेची एक पायरी उरली होती. ती आता कुणी उतरवणार नव्हतं. त्यांनी पातं पुसलं आणि खणात ठेवलं. त्यांना वाईट वाटलं, खूप वाईट वाटलं, आणि घरी जाऊन ते म्हणाले, "आज लवकर सुटलो."

पाच महिन्यांनी कंपनी दुसऱ्या मोठ्या कंपनीने गिळली आणि चप्पलही संपली. खरवडायचा हुकूम काढणाऱ्या साहेबांनाच नारळ मिळाला, म्हणून हुकूम निघाला नाही. मॉडेल शेडमध्ये ढकललं गेलं, वर ताडपत्री. डावे निवृत्त झाले. आता कुणाच्या तरी डोक्यात आलं, की कधीच न निघालेल्या गाड्यांचं एक दालन करावं. लोकांना म्हणे अशा गाड्यांचं फार वेड असतं. शोधाशोध केली तर भिंतीवर लावायला चित्रं ढीगभर मिळाली. पूर्ण मापाची गाडी मात्र ही एकच, म्हणून तिचे तडे बुजवायला या दोघांना बोलावलं.

दालन उघडलं त्या दिवशी बायको ठेवणीतली साडी नेसली. सकाळपासून तिने मशीनला हात लावला नव्हता. बसमध्ये तिने विचारलं, "कुठली बाजू आपली?"

"डावी. पण नीट दिसेलच असं नाही."

"का?"

"जागा कमी आहे," ते म्हणाले.

दालनात ही गर्दी. चपलेच्या उजव्या बाजूवर चार दिवे सोडले होते आणि ती अशी लखलखत होती, की आत्ता निघेल. समोर दोरी, दोरीपुढे माणसं. उजवे नवा कोट घालून उभे होते आणि फोटो काढून घेत होते. या दोघांना पाहताच ते गर्दीतून वाट काढत आले.

"या वहिनी. शेवटी आलात बुवा आमच्या कारखान्यात."

"छान आहे हो तुमची," बायको चंदेरी बाजूकडे बघत म्हणाली. तिला मनापासूनच आवडली होती. "आणि यांची?"

उजव्यांनी डाव्यांकडे पाहिलं. डाव्यांनी भिंतीकडे पाहिलं.

तिघे शेपटीच्या बाजूला गेले. गाडी आणि भिंत यांच्यामध्ये बरोबर वीतभर फट होती. बाईंनी शब्द पाळला होता. फटीत उजेड नव्हता. बायकोने गाल भिंतीला टेकवून आत पाहिलं, मग दुसऱ्या डोळ्याने पाहिलं. काळोख आणि त्यात काही तरी फुगीर, एवढंच.

"काही दिसत नाही हो."

"हं," डावे म्हणाले. "मला वाटलं होतं, थोडा तरी उजेड पडेल." ते ओशाळले. बत्तीस वर्षांनी आणून बायकोला फट दाखवली. "चल, तिकडे चित्रं आहेत, ती बघू."

ती हलली नाही. फटीतून आलेला वास तिला लागला होता. तिने साडीचा पदर खोचला, बांगड्या कोपराकडे सारल्या आणि उजवा हात आत घातला.

"अगं, हात लावायचा नसतो!"

"शिवलेलं बघायचं तर हात लावायलाच हवा," ती म्हणाली.

तिकडून दालनाच्या बाई येताना दिसल्या. उजवे लगबगीने पुढे झाले आणि त्यांची वाट अडवून मोठ्या आवाजात म्हणाले, "मॅडम, ढब्बूची गोष्ट तुम्हाला सांगितली का मी? नाही? अहो, तीच तर खरी गंमत! दारं अशी वर उघडायची..." त्यांनी दोन्ही हात वर केले. आजूबाजूची दहा-बारा माणसंही गोळा झाली. उजवे एकदा सुरू झाले की अर्धा तास आवरत नसत आणि आज तर आवरायची त्यांची इच्छाच नव्हती.

बायकोने डोळे मिटले होते. तिला कुणी तसं शिकवलं नव्हतं. कापडाची घडी तपासताना ती मिटायची, तसेच मिटले. खांद्यापर्यंत हात आत गेला होता. आधी तो मागच्या चाकावरून वर चढला, तिथे थोडा घुटमळला, मग सावकाश पुढे, दाराकडे सरकला. डावे तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. उभ्या हयातीत साहेब लोकांच्या तोंडाकडे त्यांनी असं पाहिलं नव्हतं.

हात थांबला. मागे आला. पुन्हा त्याच जागी गेला.

"अहो," ती म्हणाली, "दाराकडचं झालंय. पण इथून मागे माया तशीच राहिलीय."

पलीकडे ढब्बूची दारं साहेबांच्या गॅरेजच्या छताला आपटली आणि सगळे हसले.

"हो," डावे म्हणाले. "तिथेच साहेब आले."

तिने हात तिथेच ठेवला. दाराच्या बाजूने पुन्हा एकदा तळवा फिरवला, अगदी हलका, आणि जिथे झालं होतं तिथे ती काहीच बोलली नाही. चार वाजताच्या चहानंतर उजवे जसे काही न बोलता आपल्या बाजूला परत जायचे, तशी. मग तिने हात बाहेर काढला, बांगड्या खाली घेतल्या आणि म्हणाली, "चला, चित्रं बघू."

घरी आल्यावर तिने हात धुतले, साबण लावून दोनदा. नखांतला तपकिरी रंग निघाला नाही.

"गार पाण्याने नाही निघत ते," डावे मोरीच्या दारातून म्हणाले. "गरम घ्यावं लागतं."

"माहितीये मला," ती म्हणाली आणि तशीच जाऊन मशीनवर बसली.